प्रवाळ, तिवरं आणि कर्ज: बेटांच्या रक्षणासाठी पैसा कुठून येतो

खुल्या समुद्रातून येणारी लाट प्रवाळभिंतीवर फुटते तेव्हा तिची सरासरी ९७ टक्के ऊर्जा तिथेच जिरते. जगभरच्या प्रवाळभिंतींवर केलेल्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातला हा आकडा आहे. त्यातही सगळ्यात जास्त काम भिंतीचा माथा करतो, म्हणजे पाण्याच्या पातळीलगतचा, लाटेला सगळ्यात आधी भिडणारा भाग. हा माथा थोडासा झिजला तरी मागच्या किनाऱ्यावर पोचणारी लाट मोठी होते.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा देशात हे अगदी उघड दिसतं. पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेनव्हिल उपसागरात जिथे समोरची प्रवाळभिंत धड आहे, तिथला किनारा बराचसा जागेवर आहे. जिथे ती खचली, तिथली वाळू वाहून गेली आणि समुद्र घरांच्या दिशेने सरकला. एकच उपसागर, एकच वारा, तेच पाणी. फरक फक्त समोरच्या भिंतीचा. तिथे लोखंडी जाळीच्या पेट्यांमध्ये दगड भरून त्या समुद्रतळावर बसवण्याचा प्रयोग झाला. त्या दगडांवर प्रवाळ धरावं, माशांना आसरा मिळावा आणि मधल्या काळात लाटही अडावी, असा त्यामागचा विचार.

अशा कामांना ‘निसर्गाधारित उपाय’ म्हणतात. प्रवाळभिंती सांभाळणं, तिवरांची जंगलं पुन्हा उभी करणं, समुद्री गवताची कुरणं राखणं, पाणलोटातलं जंगल टिकवणं हे सगळं त्यात येतं. अट एवढीच की त्यातून माणसांचं रक्षण व्हावं आणि निसर्गाचंही भलं व्हावं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये या संकल्पनेची व्याख्या मान्य केली.

याचा अर्थ काँक्रीट वाईट असा नाही. मालदीवची राजधानी माले १९८७ मध्ये मोठ्या लाटांखाली गेली. त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली आणि २००४ च्या त्सुनामीत तिने शहराला मोठ्या हानीतून वाचवलं. दाट वस्तीच्या छोट्या बेटाला अशी भिंत लागतेच. पण मालदीवमध्ये ११९२ बेटं आहेत. प्रत्येकाभोवती भिंत बांधण्याइतका पैसा त्या देशाकडे कधीच येणार नाही. बाकीच्या बेटांना आधार प्रवाळांचाच.

मग हे सगळं ठाऊक असताना प्रवाळांसाठी पैसा का मिळत नाही?

न झालेल्या नुकसानीचं बिल

वीज प्रकल्पाला कर्ज मिळतं कारण वीज विकून पैसे येतात. बंदराला मिळतं कारण जहाजांकडून शुल्क येतं. प्रवाळभिंतीचं उत्पन्न काय? वादळात जे घर पडलं नाही, जो रस्ता वाहून गेला नाही, जी विहीर खारट झाली नाही, ते तिचं उत्पन्न. पण न झालेल्या नुकसानीचं बिल कोणाला पाठवणार? फायदा किनाऱ्यावरच्या हॉटेलला होतो, मच्छीमाराला होतो, बंदराला होतो, विमा कंपनीलाही होतो. प्रत्येकाला थोडा थोडा. त्यामुळे एकटा कोणीच खर्च उचलत नाही, आणि परतफेड कशातून होणार हे दिसत नसल्यामुळे बँकही पुढे येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ मध्ये जगाचा हिशेब मांडला. २०२२ साली निसर्गाधारित उपायांवर सुमारे २०,००० कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातले ८२ टक्के सरकारांनी घातले. खाजगी पैसा १८ टक्केच. ज्या देशाच्या सरकारी तिजोरीतच खडखडाट आहे, त्याच्यासाठी या आकड्याचा अर्थ काय होतो ते उघड आहे.

दुसरी अडचण मला याहून महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. निसर्गाला थोडा पैसा लागतो, पण तो वर्षानुवर्षं लागतो. पैसे देणाऱ्या संस्था मात्र एकदम मोठी रक्कम देतात आणि तीन-पाच वर्षांत प्रकल्प बंद करतात. तिवरांचंच बघा. किती रोपं लावली हे मोजणं सोपं असतं, म्हणून अहवालात तोच आकडा जातो. अनेक देशांत लागवड अशा चिखलपट्ट्यांवर झाली जिथे तिवरं आपणहून कधी वाढतच नव्हती. ती जागा रोज फार वेळ पाण्याखाली राहते. रोपं लागली, छायाचित्रं निघाली, पैसे संपले आणि रोपंही मेली. खरं काम पुष्कळदा वेगळंच असतं. एखाद्या बांधामुळे किंवा रस्त्यामुळे भरतीचं पाणी आत येणं थांबलेलं असतं. ती वाट मोकळी करायची, बिया पाण्याबरोबर आत येऊ द्यायच्या, गुरं आणि कुऱ्हाड दूर ठेवायची आणि दहा-पंधरा वर्षं थांबायचं. यात मोठा खर्च नाही. पण राखणदाराचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्यासाठी निधी देणारं कोणी सापडत नाही.

तिसरी गोष्ट आकाराची. वकील, सल्लागार, लेखापरीक्षक यांचा खर्च ५० लाख डॉलरच्या व्यवहाराला जवळपास तेवढाच येतो जेवढा ५० कोटींच्या व्यवहाराला. छोट्या देशाची कामं छोटी, म्हणून प्रत्येक डॉलरमागे कागदपत्रांचा भार जास्त. ज्या मंत्रालयात हवामानाचं सगळं काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं बघतात, तिथे एका अर्जासाठी वर्ष-दोन वर्षं जातात.

श्रीमंत म्हणून मदतीला मुकलेले

लहान बेटराष्ट्रांचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याहूनही कमी. तरी फटका त्यांना आधी आणि जबर बसतो. २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळाने ग्रेनाडाचं जे नुकसान केलं ते देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट होतं. २०१७ मध्ये मारिया वादळाने डॉमिनिकाचं नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के केलं. एका रात्रीत दोन वर्षांहून जास्त काळाची कमाई गेली.

असं असूनही यांतले बरेच देश स्वस्त कर्जाला किंवा अनुदानाला पात्र ठरत नाहीत, कारण निकष दरडोई उत्पन्नाचा असतो. पर्यटनामुळे ते उत्पन्न बऱ्यापैकी दिसतं. सेशेल्स २०१८ मध्ये विकास साहाय्य मिळू शकणाऱ्या देशांच्या यादीतून बाहेर पडला, अँटिग्वा आणि बार्बुडा २०२२ मध्ये. या यादीतून बाहेर पडणं म्हणजे प्रगतीचं प्रशस्तिपत्र. पण वादळ ते प्रशस्तिपत्र बघून येत नाही. एकाच दिवशी सगळं गमावण्याची शक्यता किती, हे दरडोई उत्पन्नात दिसत नाही. बेटराष्ट्रांनी तीन दशकं हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक’ स्वीकारला, म्हणजे देश अशा धक्क्यांपुढे किती नाजूक आहे हे मोजणारं माप. पण कर्ज देणाऱ्या संस्थांवर तो वापरण्याचं बंधन नाही.

म्हणून होतं असं: वादळ येतं, पुनर्बांधणीसाठी बाजारभावाने कर्ज काढावं लागतं, मग व्याज भरण्यासाठी इतर खर्च कापावे लागतात. कापताना सगळ्यात आधी हात जातो तो समुद्री उद्यानाच्या गस्तीवर आणि तिवरांच्या राखणीवर. पुढच्या वादळाला किनारा आणखी उघडा. हे चक्र तोडण्यासाठी गेल्या दहा वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांतला सगळ्यात गाजलेला प्रयोग कर्जाच्या अदलाबदलीचा.

सेशेल्सने काय केलं

सेशेल्सवर इतर देशांच्या सरकारांचं कर्ज होतं. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या व्यवहारात त्यातलं २.१६ कोटी डॉलरचं कर्ज थोड्या सवलतीत विकत घेतलं गेलं. त्यासाठी लागणारे २.०२ कोटी डॉलर ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या अमेरिकी संस्थेने उभे केले: १.५२ कोटी कर्जाऊ आणि ५० लाख देणगीतून. कर्ज मिटलं का? नाही. धनको बदलला. आता सेशेल्स सरकार हे पैसे परदेशी सरकारांऐवजी एका स्वतंत्र न्यासाला देतं, तेही जास्त मुदतीत आणि काही भाग सेशेल्सच्या स्वतःच्या चलनात. न्यास त्यातून नेचर कॉन्झर्व्हन्सीचे पैसे फेडतो, काही लाख डॉलर दरवर्षी समुद्रसंवर्धनाच्या आणि हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांना देतो आणि काही रक्कम कायमच्या ठेवीत टाकतो.

बदल्यात सरकारने आपल्या सागरी क्षेत्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचं वचन दिलं. मार्च २०२० मध्ये ते पूर्ण झालं. चार लाख चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र. त्यात अल्डाब्रा बेटांच्या आसपासचा समुद्र आहे, जिथे मोठमोठी कासवं आणि अजून बरीचशी शाबूत प्रवाळं आहेत.

या व्यवहारातली मला आवडलेली गोष्ट ही ठेव. तीन वर्षांत न संपणारा, दरवर्षी थोडा थोडा येत राहणारा पैसा. राखणदाराचा पगार अशाच पैशातून निघू शकतो.

पण त्याची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. सूट मिळाली ती जेमतेम साडेसहा टक्के. देशाच्या एकूण कर्जाच्या मानाने ही रक्कम लहान. वाटाघाटींना कित्येक वर्षं लागली. आणि आपल्या समुद्राचं काय करायचं या निर्णयात बाहेरच्या संस्थेचं वजन किती असावं, हा प्रश्न सेशेल्सच्या नागरिकांनी विचारला तर तो रास्तच आहे.

पुढचे व्यवहार मोठे झाले. बार्बाडोसने २०२२ मध्ये १५ कोटी डॉलरचं कर्ज बदलून घेतलं. बहामाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ३० कोटी डॉलरचं; त्यातून १५ वर्षांत १२.४ कोटी डॉलर समुद्रसंवर्धनाला मिळतील असं ठरलं. इथे मेख हमीची आहे. आंतर-अमेरिकी विकास बँकेसारखी भक्कम संस्था ‘देश चुकला तर आम्ही भरू’ असं लिहून देते. त्या शब्दावर नवं कर्ज कमी व्याजाने मिळतं, त्यातून जुनं महाग कर्ज फेडलं जातं आणि व्याजात जी बचत होते ती निसर्गाच्या कामाला लागते. बार्बाडोसने २०२४ च्या अखेरीस याच पद्धतीने दुसरा व्यवहार केला आणि बचतीचा पैसा दक्षिण किनाऱ्यावरच्या सांडपाणी प्रक्रियेकडे वळवला. वरवर पाहता सांडपाण्याचा प्रवाळाशी काय संबंध? तर सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं आणि ते प्रवाळाला गुदमरवतं. शिवाय प्रक्रिया केलेलं पाणी या पाणीटंचाईच्या बेटाला वापरता येतं. प्रवाळांची नुसती लागवड करण्यापेक्षा असं काम जास्त टिकाऊ, असं मला वाटतं.

हमी देणाऱ्या संस्थेच्या खिशातून प्रत्यक्षात काही जात नाही, फक्त जोखीम जाते. म्हणून या मार्गाला अजून पुष्कळ वाव आहे. अट ही की मध्यस्थांचं शुल्क किती आणि निसर्गापर्यंत किती पोचलं, याचा हिशेब जाहीर असावा.

सेशेल्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं: जगातले पहिले सरकारी ‘निळे रोखे’. रक्कम दीड कोटी डॉलर, मुदत दहा वर्षं, व्याज साडेसहा टक्के. जागतिक बँकेने ५० लाखांची हमी दिली आणि ‘जागतिक पर्यावरण सुविधा’ या आंतरराष्ट्रीय निधीने ५० लाखांचं सवलतीचं कर्ज, त्यामुळे प्रत्यक्ष व्याज २.८ टक्क्यांवर आलं. पैसा मासेमारी सुधारण्यासाठी आणि सागरी उद्योगांना कर्ज देण्यासाठी. फिजीने त्याआधी २०१७ मध्ये १० कोटी फिजी डॉलरचे हरित रोखे काढले होते. रोख्यांबद्दल एक गोष्ट कधी विसरू नये: नाव हिरवं असो वा निळं, ते कर्जच आहे. ज्या कामातून उत्पन्न येईल तिथे ते शोभतं. जिथे उत्पन्न नाही, तिथे त्याचा हप्ता पुढची पिढी भरते.

वादळ आल्यावर

विम्याचं गणित वेगळं. २००७ पासून कॅरिबियन देशांचा एक सामायिक विमा निधी आहे. तो नुकसानीचे पंचनामे होईपर्यंत थांबत नाही. वाऱ्याचा वेग, पाऊस, वादळाचा मार्ग यांवरून बनवलेल्या गणिताने ठरलेली पातळी ओलांडली की पैसे काही दिवसांत देतो. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर जवळपास एकही छप्पर धड ठेवलं नाही. या निधीतून ग्रेनाडाला चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. त्याचबरोबर देशाने आपल्या रोख्यांतलं ‘वादळ कलम’ वापरलं, म्हणजे वादळ आलं तर काही काळ हप्ते पुढे ढकलता येतील अशी आधीच घालून ठेवलेली अट. असं कलम प्रत्यक्ष वापरणारा ग्रेनाडा पहिला देश. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली अशी कलमं सगळ्याच कर्जांत यावीत म्हणून सतत आग्रह धरत आल्या आहेत आणि जागतिक बँकेनेही आता ती द्यायला सुरुवात केली आहे. मला ही या सगळ्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात न्याय्य सुधारणा वाटते. ज्या महिन्यात रुग्णालयाचं छप्पर उडालंय त्या महिन्यात व्याजाचा हप्ता मागू नये, एवढंच ती म्हणते.

आकड्यांवर चालणाऱ्या विम्याचा धोकाही याच वादळात दिसला. बेरिलने जमैकालाही झोडपलं, पण वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब ठरलेल्या पातळीइतका उतरला नाही, म्हणून जमैकाच्या आपत्ती रोख्यांतून, म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचं वादळ आलं तर गुंतवणूकदारांचा पैसा देशाला मिळतो अशा रोख्यांतून, काहीच मिळालं नाही. २०२५ मध्ये मेलिसा वादळ आलं तेव्हा मात्र त्याच रोख्यांचे पूर्ण १५ कोटी डॉलर मिळाले.

प्रवाळांचाही विमा उतरवता येतो. याची सुरुवात मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात झाली. २०२० मध्ये डेल्टा वादळानंतर तिथे साडेआठ लाख डॉलरच्या आसपास भरपाई मिळाली. वादळात तुटलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. ते वाळूत लोळत राहिलं तर घासून किंवा गाळाखाली दबून मरतं. म्हणून प्रशिक्षित पाणबुडे, त्यांत मच्छीमार आणि पर्यटकांना समुद्रात नेणारे वाटाडेही असतात, ताबडतोब उतरतात, तुकडे गोळा करतात आणि सिमेंटने खडकावर पुन्हा बसवतात. पैसे सहा महिन्यांनी मिळाले तर बसवण्यासारखं काही उरत नाही. झटपट मिळणारा विमा इथे नेमका उपयोगी पडतो.

पर्यटक, अनुदान आणि तापतं पाणी

पलाऊ या बेटराष्ट्रात येणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या विमान तिकिटातच १०० डॉलरचं पर्यावरण शुल्क धरलेलं असतं, २०१८ पासून. फिजीनेही पर्यावरण आणि हवामानासाठी कर बसवला. ज्याला प्रवाळांचा आनंद घ्यायचा आहे त्याने त्यांच्या राखणीला हातभार लावावा, हे सरळच आहे. पण २०२० मध्ये महासाथीने विमानं थांबली आणि अशा शुल्कांचा झरा आटला. एकट्या पर्यटनावर विसंबणाऱ्या देशाने निसर्गाचा खर्चही त्यावरच टाकला, तर संकटात दोन्ही एकदम बुडतात.

म्हणून अनुदानाला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जे नुकसान या देशांनी केलेलं नाही त्याच्या दुरुस्तीसाठी त्यांनाच कर्ज घ्यायला लावणं अन्यायाचं आहे. विकसनशील देशांना हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय सरकारी पैसा २०२२ मध्ये सुमारे २,८०० कोटी डॉलर होता. गरज वर्षाला २१,५०० ते ३८,७०० कोटींची सांगितली जाते. दक्षिण कोरियातून चालणारा हरित हवामान निधी अनुदानं देतो, पण त्याची थेट मान्यता मिळवायला राष्ट्रीय संस्थेला हिशेब, खरेदी, तक्रार निवारण अशा असंख्य कसोट्या पार कराव्या लागतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत जावं लागतं आणि तिचं शुल्क त्याच पैशातून जातं. दुबईच्या हवामान परिषदेत २०२३ मध्ये ‘हानी आणि नुकसान’ निधी सुरू झाला, हवामानबदलाने झालेल्या नुकसानीसाठीचा. त्यात आलेली वचनं गरजेच्या पुढे फार तोकडी आहेत.

आणि पैशाने न सुटणारा एक भाग आहे. तापमानवाढ दीड अंशांवर रोखली तरी उष्ण कटिबंधातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील आणि दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त, असं हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१८ मध्येच सांगितलं. १९९८ च्या उष्णतेत सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवतीची बहुतेक प्रवाळं पांढरी पडून मेली होती. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर प्रवाळं पांढरी पडण्याची चौथी घटना जाहीर केली. वीस वर्षांच्या मुदतीचा कोणताही व्यवहार करताना हे गृहीत धरायला हवं: मधल्या काळात समुद्र तापला आणि प्रवाळ मेलं, तर परतफेडीचं ओझं कोणावर? करारात याचं उत्तर लिहिलेलं नसेल, तर ते देशावरच पडतं. उष्णता सोसणाऱ्या प्रवाळांच्या जागा आधी वाचवणं, तिवरांवर जास्त भर देणं, एकाच खडकावर सगळा पैसा न लावणं हे त्यातले शहाणपणाचे मार्ग.

तिवरांची गरज तर आणखी वेगळी. समुद्र चढला की तिवरं आतल्या बाजूला सरकतात, जर आत मोकळी जमीन असेल तर. तिथे आधीच रस्ता किंवा रिसॉर्टची भिंत असेल तर ती पाण्यात बुडून मरतात. ही जमीन मोकळी ठेवायला रोखे लागत नाहीत, विमा लागत नाही, परदेशी संस्था लागत नाही. लागतो तो बांधकाम परवाना नाकारण्याचा निर्णय आणि त्या जमिनीवर ज्यांचा पारंपरिक हक्क आहे त्यांच्याशी आधी केलेली बोलणी.

संयुक्त राष्ट्रांच्या ज्या अहवालात २०,००० कोटींचा आकडा आहे, त्यातच दुसरा आकडा आहे: निसर्गाला थेट हानी करणाऱ्या कामांत दरवर्षी सुमारे सात लाख कोटी डॉलर जातात. मालदीवच्या अड्डू प्रवाळवलयाला २०२० मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि काही वर्षांतच त्याच्या खाजणातली वाळू उपसून भराव घालण्याचं काम सुरू झालं. उपशाचा गाळ प्रवाळांवर बसतो. एका हाताने प्रवाळ लावण्यासाठी निधी मागायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर गाळ टाकण्यासाठी कर्ज काढायचं, हे थांबवणं कोणत्याही नव्या रोख्यापेक्षा स्वस्त आहे, आणि त्याला कोणा बाहेरच्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.